वजन कमी करताना भाजीच्या कॅलरी कशा मोजायच्या: जुडी निवडण्यापासून ताटात वाढण्यापर्यंत

वजन उतरवायला घेतलेले बरेच जण भाकरी मोजतात, भात मोजतात आणि भाजीपाशी आले की हात सैल सोडतात. वहीत ‘भरली वांगी, २०० ग्रॅम, ५० कॅलरी’ अशी नोंद होते. ५० हा आकडा खरा आहे, पण तो कच्च्या वांग्याचा. त्या वांग्यात भरलेलं कूट, खोबरं आणि वर तरंगणारी तर्री वहीत कुठेच येत नाही. महिनाभर असं चालतं, काटा हलत नाही, आणि मग दोष भाकरीला लागतो किंवा स्वतःच्या शरीराला.

दुसरी चूक नेमकी उलटी. गाजर-बीट गोड लागतं म्हणून बंद, कांदा बंद, मटार बंद. भाजीला घातलेल्या तेलाकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. मराठवाड्याच्या जेवणात शेंगदाणा, तीळ, कारळं, खोबरं आणि तेल यांचा हात मोकळा असतो. म्हणून इथे भाजी मोजायची तर आधी या पाच गोष्टी मोजायला शिकावं लागतं. माळव्याचा, म्हणजे नुसत्या भाज्यांचा, हिशोब त्यामानाने सोपा आहे.

इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, पाकिटावर छापतात तीच.

सुरू करण्याआधी दोन सूचना

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आहार कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये. पालेभाजीतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचा त्या गोळीच्या परिणामाशी थेट संबंध असतो.

दुसरी सूचना: भाजी कमी खाऊन वजन उतरवायचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि वरून वापरायचं तेल साधारण २७ ग्रॅम. आपल्याकडे बहुतेक घरांत हे प्रमाण उलटं पडतं, भाजी कमी आणि तेल जास्त.

## टप्पा १: सामान आणि एकदाच करायची मोजणी

१. डिजिटल वजनकाटा. ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा. भांडं ठेवून आकडा शून्य करण्याचं बटण त्यावर हवंच. किराणा दुकानातला जुना तागडीचा काटा इथे कामाचा नाही, १० ग्रॅम कूट त्यावर कळत नाही.

२. भांड्यांची वजनं. रोजची कढई, पातेली, कुकरचा डबा रिकामे असताना एकदा तोला. कढईचं वजन तिच्या बुडाला किंवा ओट्याजवळच्या भिंतीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. भाजी शिजल्यावर हा आकडा लागतो आणि तेव्हा कढई रिकामी नसते.

३. तेलाची पळी. तुमच्या पळीत तेल किती मावतं? वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, रोजच्या सवयीने एक पळी भरून वाटीत ओता आणि आकडा वाचा. पळी घरोघरी वेगळी असते. एकीत २० ग्रॅम मावतं, दुसरीत ४० ग्रॅम, म्हणजे ‘दोन पळ्या तेल’ ३६० कॅलरीचंही असू शकतं आणि ७२० चंही.

४. वाटी आणि डाव. वाटीत पाणी भरून तोला. १५० ग्रॅमची आहे की २२०ची, ते कळू द्या. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘१ वाटी’ असं लिहिलेलं असतं, ती वाटी तुमची नसते.

५. एक साधी वही. ॲप वापरायचं तर वापरा, पण त्यात ‘वांग्याची भाजी’ अशी तयार नोंद उचलू नका. ती कुणाच्या घरची, किती तेलाची, हे कळायला मार्ग नाही. जिन्नस एकेक करून घाला.

> तपासा: कढई, पळी आणि वाटी या तिन्हींची वजनं लिहून झाली का? झाली असतील तरच पुढे जा.

## टप्पा २: भाज्यांचे तीन गट पाठ करा

प्रत्येक भाजीचा आकडा रोज शोधण्यात वेळ जातो आणि आठवडाभरात कंटाळा येतो. तीन गट पुरतात. आकडे निवडलेल्या, कच्च्या १०० ग्रॅम भाजीचे आहेत.

पहिला गट, १५ ते ३० कॅलरी, सरसकट २५ धरा. काकडी, वाळूक, दुधी, दोडका, पडवळ, कारलं, मुळा, टोमॅटो, कोबी, फुलकोबी, वांगं, ढोबळी मिरची, लाल भोपळा, पालक.

दुसरा गट, ३० ते ५५, सरसकट ४५ धरा. भेंडी, गवार, घेवडा, चवळीच्या शेंगा, कांदा, कांद्याची पात, गाजर, बीट, मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी.

तिसरा गट, ७० ते १३०. इथे सरसकट चालत नाही. बटाटा आणि मटार ८०, मक्याचे दाणे ९०, रताळं, अळकुड्या आणि सुरण १००, ओल्या तुरीचे दाणे १२०.

पहिल्या दोन गटांत पाच-दहा कॅलरी इकडच्या तिकडे झाल्या तरी बिघडत नाही. ३०० ग्रॅम दोडक्यात आकडा १७ धरला की २५, फरक २४ कॅलरीचा पडतो. तेवढ्या कॅलरी अर्ध्या छोट्या चमच्याहून थोड्या जास्त तेलात असतात. म्हणून इथे डोकं फार खर्च करू नका.

तिसरा गट मात्र नीट तोला. हा गट वाईट नाही. फक्त त्याला भाकरी-भातासारखं मोजायचं. बटाट्याची भाजी आणि भात एकाच ताटात असेल तर भात त्या मानाने कमी घ्या. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा उकडून बसल्या बसल्या खाल्ल्या जातात, त्यांचीही नोंद करा. सोललेले १५० ग्रॅम दाणे म्हणजे १८० कॅलरी, एका मध्यम भाकरीएवढ्या.

> सावधान: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांमध्ये ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. तो आकडा जसाच्या तसा कॅलरी म्हणून उतरवला तर भाजी चौपट ‘जड’ दिसते. किलोज्यूलला ४.१८४ ने भागा. १०० किलोज्यूल म्हणजे २४ कॅलरी.

काकडी किंवा कोबी पचवायला तिच्यातल्या कॅलरीपेक्षा जास्त कॅलरी जळतात, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. ते खरं नाही. पचनाला खर्च होतो तो त्या अन्नातल्या ऊर्जेचा एक भाग, सगळी ऊर्जा नाही.

## टप्पा ३: निवडा, धुवा, निथळा, मग तोला

क्रम हाच ठेवा. बाजारातून आणलेली अर्धा किलो मेथी म्हणजे अर्धा किलो भाजी नव्हे. मुळं, जाड देठ, पिवळी पानं काढली की जुडी कशी आहे त्यानुसार निम्मीसुद्धा उरते. मटार आणि तुरीच्या शेंगांत दाणे निम्म्याहून कमीच निघतात. फुलकोबीचा दांडा आणि पाला जातो. तक्त्यांतले आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात, म्हणून निवडण्याआधी तोललं तर नोंद फुगते.

शेवग्याची शेंग याला अपवाद. साल ताटातच टाकली जाते, आधी काढता येत नाही. शेंगेचे तुकडे तोलून त्याच्या निम्मं वजन धरा आणि आकडा दुसऱ्या गटातला घ्या.

पालेभाजी धुतल्यावर चाळणीत १० मिनिटं निथळू द्या. ओल्या पाल्याला बरंच पाणी चिकटलेलं असतं आणि काटा तेही तोलतो.

कच्चं तोललं तर कच्च्याचा आकडा, शिजलेलं तोललं तर शिजलेल्याचा. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. २५० ग्रॅम निवडलेली मेथी परतली की आक्रसून निम्म्याच्या आसपास येते. पाणी उडतं, कॅलरी कढईतच राहतात. मग कुणी शिजलेली १२० ग्रॅम तोलून त्याला कच्च्या मेथीचा आकडा लावतं आणि ११० ऐवजी ५५ लिहितं. रस्सा भाजीत उलटं होतं. पाणी घातल्याने वजन वाढतं आणि कॅलरी जास्त लिहिल्या जातात. म्हणून नियम एकच ठेवा: जिन्नस कच्चे तोलायचे आणि वाटणी शिजल्यावर करायची. ती टप्पा ६ मध्ये आहे.

वाळवलेल्या भाज्या. उन्हाळ्यात माळवं महाग होतं, तेव्हा डब्यातली वाळलेली गवार, भेंडी, हरभऱ्याचा पाला बाहेर निघतो. यांना ताज्या भाजीचा आकडा लावलात तर नोंद पाच-सहा पटीने चुकते. वाळवतानाच काम करून ठेवा. ताजी किती होती आणि वाळून किती झाली, दोन्ही आकडे डब्यावर लिहा. १ किलो गवारीची १८० ग्रॅम झाली असेल, तर वाळलेली ३० ग्रॅम म्हणजे ताजी १६५ ग्रॅमच्या जवळपास. कॅलरी त्या १६५ च्या लावा.

मटकी-मुगाची उसळ याच न्यायाने, भिजवण्याआधी कोरडी तोलायची. मोड आल्यावर तीच मटकी दुपटीहून जड होते.

## टप्पा ४: तेल

सगळ्या लेखातला हा टप्पा सर्वात महत्त्वाचा आहे. १ ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, मग ते करडईचं असो, शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं की सोयाबीनचं. घाण्याचं तेल असलं म्हणून यात फरक पडत नाही. ५ मिलीच्या छोट्या चमच्यात साडेचार ग्रॅम तेल मावतं, म्हणजे ४० कॅलरी. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात १२० कॅलरी.

मोजायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली, बाटली तोलण्याची. स्वयंपाकाआधी तेलाची बाटली किंवा किटली काट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. स्वयंपाक झाल्यावर पुन्हा ठेवा. फरक तेवढं तेल गेलं. पळी नाही, चमचा नाही, हाताचा अंदाज नाही. घरात स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर हीच पद्धत वापरा. त्यांच्या हाताला अडवायची गरज पडत नाही, फक्त आधी आणि नंतर बाटली उचलून ठेवायची.

दुसरी, कढई शून्य करण्याची. थंड कढई काट्यावर ठेवा, शून्य करा, तेल ओता, आकडा वाचा आणि मग गॅसवर चढवा. तापलेली कढई काट्यावर ठेवू नका, काटा बिघडतो.

यात हमखास सुटणाऱ्या जागा:

– वरून घातलेली फोडणी. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात तेव्हा तेल थोडंच लागतं. खरं तेल ताटात येतं, लसणाची चुरचुरीत फोडणी भाजीवर ओतली जाते. ही फोडणी कढईच्या हिशोबात धरू नका, ती प्रत्येकाच्या ताटात वेगळी पडते. स्वतःच्या ताटात चमच्याने घ्या आणि तेवढे चमचे लिहा. दोन मोठे चमचे घेतले तर २४० कॅलरी, म्हणजे भाजी आणि कण्या मिळून झाल्या असतील त्याहून कदाचित जास्त.

– चटणीवरचं कच्चं तेल. कारळाची, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, वर तेल, सोबत भाकरी. आणि भुरका, म्हणजे तेलाच्या फोडणीत तिखट घालून केलेली चटणी, तर तेलातच बसलेला असतो. हे भाजीच्या ओळीत कुणी लिहीत नाही आणि भाकरीच्या ओळीतही नाही.

– तळण. भेंडीची कुरकुरीत भाजी, वांग्याचे काप, कांदाभजी. तळण्याआधी कढईतलं तेल तोला आणि तळून तेल पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तोला. ५०० ग्रॅमचं ४३० उरलं तर ७० ग्रॅम तेल, म्हणजे ६३० कॅलरी, तळणात गेल्या. थोडं तेल झाऱ्यावर आणि कागदावर जातं, ते सोडून द्या.

> सावधान: हे वाचून तेल शून्यावर आणू नका. पालेभाजी, गाजर, भोपळ्यातलं ‘अ’ जीवनसत्त्वाचं द्रव्य आणि ‘के’ जीवनसत्त्व शरीरात शोषलं जायला थोडी स्निग्धता लागते. माणशी एका भाजीला एक छोटा चमचा तेल हा चांगला पाया आहे.

## टप्पा ५: कूट, वाटण आणि घट्टपणा आणणारे जिन्नस

दर १० ग्रॅमला, म्हणजे साधारण सपाट मोठ्या चमच्याला:

शेंगदाण्याचं कूट ५६, तीळ ५७, कारळं ५० च्या पुढे, सुकं खोबरं ६५, बेसन ३५, गूळ ३८.

आपल्याकडे कूट चमच्याने पडत नाही, मुठीने पडतं. तुमची मूठ एकदा काट्यावर सोडून बघा. मोठ्या मुठीत ३०-४० ग्रॅम सहज येतं, म्हणजे २०० कॅलरी.

येसरही इथेच मोजायचा. येसर हा नुसता मसाला नव्हे, भाजलेली धान्यं आणि डाळी दळलेलं ते पीठ आहे. १० ग्रॅमला ३५ धरा. काळं तिखट, हळद, धने-जिरे यांचं प्रमाण कमी असतं. चार माणसांच्या भाजीला सगळं मिळून १५ कॅलरी लिहा आणि पुढे चला. मीठ आणि पाणी शून्य.

पालेभाजीत घातलेली मूगडाळ, हरभराडाळ किंवा तूरडाळ कोरडी तोला, १० ग्रॅमला ३५.

कोशिंबिरीला सॅलड समजून सोडू नका. काकडीच्या कोशिंबिरीत दोन चमचे कूट आणि वरून फोडणी पडली की ती १५० च्या पुढे जाते. नुसती चिरलेली काकडी, मुळा, कांदा, टोमॅटो यांना पहिल्या-दुसऱ्या गटाचा आकडा लावा.

## टप्पा ६: कढईची बेरीज, मग ताटाची वाटणी

आता एक पूर्ण हिशोब. चार माणसांची भरली वांगी:

वांगी, देठं काढून, ५०० ग्रॅम: १२५
कांदा १०० ग्रॅम: ४५
शेंगदाण्याचं कूट ६० ग्रॅम: ३३६
तीळ १० ग्रॅम: ५७
सुकं खोबरं १५ ग्रॅम: ९८
तेल ४५ ग्रॅम: ४०५
गूळ ५ ग्रॅम: १९
मसाले, कोथिंबीर: १५

एकूण ११००.

नीट पाहा, ५०० ग्रॅम वांग्याचा वाटा १२५ चा. तेल आणि कूट मिळून ७४१. ‘वांगं वातूळ’, ‘वांग्याने वजन वाढतं’ असं म्हणून वांगं सोडणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःच्या कढईचा करून पाहावा.

वाटणी अशी करायची:

१. गॅस बंद केल्यावर भाजी नीट ढवळा. तर्री वर आलेली असते. वरून वाढून घेणाऱ्याच्या ताटात तेल जातं, तळाशी राहिलेल्याला नुसतं पाणी मिळतं. ढवळलं नाही तर पुढचा भागाकार खोटा ठरतो.

२. भाजीसकट कढई निवल्यावर तोला आणि रिकाम्या कढईचं वजन वजा करा. कढई जड असेल तर भाजी दुसऱ्या पातेल्यात काढून तोला. समजा भाजी ८२० ग्रॅम भरली.

३. ११०० भागिले ८२० म्हणजे १ ग्रॅमला १.३४ कॅलरी.

४. स्वतःची वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि भाजी वाढा. २०० ग्रॅम घेतली तर २६८ कॅलरी.

वहीत सुरुवातीला याच भाजीपुढे ५० लिहिलं होतं. रोज दोन वेळा अशी एकेक वाटी धरली तर दिवसाला ४०० हून जास्त कॅलरी नोंदीबाहेर राहतात. वजन कमी करण्यासाठी बहुतेक जण दिवसाला जेवढी कपात ठरवतात, ती सगळी इथेच संपते.

भाजी तोलायला वेळ नसेल तेव्हा सोपा मार्ग: एकूण बेरीज लिहा आणि कढईतली भाजी किती वाट्या भरली ते मोजा. सहा वाट्या निघाल्या आणि तुम्ही दीड घेतली, तर एक चतुर्थांश कॅलरी तुमच्या. अचूकता थोडी जाते, पण तेल-कूट खरं मोजलेलं असेल तर हा हिशोबही कामाचा आहे.

> तपासा: संध्याकाळी उरलेली भाजी पुन्हा फोडणी देऊन गरम केली का? मग त्या तेलाची वेगळी ओळ हवी.

मोठी पातेली. लातूर-धाराशिवकडे येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिश्र भाजी, होते, पंचवीस-तीस माणसांची. ते पातेलं कोण तोलणार? तिथे फक्त चार गोष्टी विचारा: तेल किती, बेसन किती, ओले दाणे किती, शेंगदाणे किती. समजा तेल अर्धा लीटर (४१००), बेसन अर्धा किलो (१७५०), तुरीचे-हरभऱ्याचे-मटारचे ओले दाणे ३ किलो (३३००), शेंगदाणे अर्धा किलो (२८००), बाकी पाला, गाजर, भोपळा मिळून ३ किलो (१२००). बेरीज १३,१५०. पंचवीस माणसं जेवली तर माणशी सव्वापाचशे, फक्त भज्जीच्या. अंबील, खिचडा, बाजरीचे उंडे वेगळे. येळवस वर्षातून एकदा येते, त्या दिवशी जेवणाचा आनंद घ्या. पण ‘सगळं माळवंच होतं’ असं म्हणून नोंद कोरी ठेवू नका.

बाहेरच्या भाजीचा, म्हणजे खानावळीतल्या किंवा धाब्यावरच्या, खरा आकडा मिळत नाही. घरच्या त्याच भाजीच्या दीडपट धरा. तर्री वाटीच्या कडेला जाड जमलेली दिसली तर दुप्पट. चमच्याने तर्री बाजूला काढली तर तेवढं तेल सुटतं, ते जरूर करा.

## टप्पा ७: महिन्याच्या तेलावरून पडताळणी

वहीतली रोजची नोंद खरी आहे की नाही, हे ओळखायला किराणा बिल पुरतं. महिन्यात घरात गेलेलं तेल लीटरमध्ये घ्या. १ लीटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्याला माणसांनी आणि ३० दिवसांनी भागा.

चार माणसं, महिन्याला ३ लीटर: माणशी रोज २३ ग्रॅम, २०५ कॅलरी.
चार माणसं, महिन्याला ५ लीटर: माणशी रोज ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी.

तुमच्या वहीत रोजचं तेल १५ ग्रॅम दिसतंय आणि बिल ३८ सांगतंय, तर बिल खरं. कुठली तरी फोडणी, चटणी किंवा तळण सुटतंय. सणाचा महिना किंवा घरात पाहुणे आलेला महिना या हिशोबाला घेऊ नका. शेंगदाण्यांचाही असाच हिशोब करता येतो. चार माणसांत महिन्याला ३ किलो म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम, १४० कॅलरी.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा. आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. एका दिवसाच्या काट्यावरून भाजी बदलू नका. आदल्या रात्री खारट आमटी किंवा लोणचं झालं तर पाणी साठून सकाळी अर्धा-एक किलो जास्त दिसू शकतं.

## टप्पा ८: आता कमी काय करायचं

मोजणी झाली की कपात कुठे करायची ते आपोआप दिसतं. भाजीचं वजन तेवढंच ठेवा, हवं तर वाढवा. आधी तेल, मग कूट.

वरच्या वांग्यांत तेल ४५ चं २० ग्रॅम आणि कूट ६० चं ४० ग्रॅम केलं तर एकूण ११०० चे साधारण ७६० होतात. २०० ग्रॅमच्या वाटीत २६८ ऐवजी दोनशेच्या आत. चव जाऊ नये म्हणून क्रम बदलावा लागतो. कमी तेलात वाटण नुसतं परतलं तर तळाला लागतं. कांदा आणि खोबरं आधी कोरड्या तव्यावर किंवा आचेवर भाजून घ्या, तीळ वेगळे भाजा आणि मग वाटा. खमंगपणा भाजण्यातून येतो, त्यासाठी जास्तीचं तेल लागत नाही. वांगी कढईत टाकल्यावर झाकणावर पाणी ठेवा, आच मंद करा. वांगी वाफेवर शिजतात आणि तेच गरम पाणी नंतर रश्श्याला वापरता येतं. रस्सा पातळ वाटला तर एक-दोन शिजलेली वांगी रश्श्यातच कुस्करा.

भेंडी आणि गवारीला तेल जास्त लागतं, कारण घाईत मोठ्या आचेवर टाकतात आणि चिकटली की वरून आणखी ओततात. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसून चिरा, जाड लोखंडी कढई घ्या, मीठ शेवटी घाला. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि भेंडी चिकट होते. पालेभाजीला तर फोडणीपुरतं तेल पुरतं, पाल्याला स्वतःचं पाणी भरपूर असतं.

एका वेळी एकच बदल करा आणि तो दोन आठवडे टिकवा. तेल, कूट, भाकरी सगळं एकाच सोमवारी कमी केलं तर भूक वाढते, आणि काय लागू पडलं तेही कळत नाही.

भाजी झणझणीत आणि पातळ असली की भाकरी जास्त जाते, हेही ध्यानात ठेवा. ज्वारीच्या ५५ ग्रॅम पिठाची भाकरी १८० कॅलरीच्या आसपास असते. जेवायला बसताना भाकऱ्या आधी ठरवून ताटात घ्या आणि पोट भरलं नाही तर भाजी पुन्हा वाढून घ्या.

घरात वाढतं मूल असेल किंवा अंगाने खंगलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्या ताटातलं तेल-कूट तुमच्या वजनापायी कमी करू नका. भाजी कमी कुटाची करा, तुमची वाटी आधी काढून घ्या, आणि उरलेल्या भाजीत त्यांच्या वाट्याचं कूट आणि चमचाभर फोडणी नंतर मिसळा. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.